विश्लेषण : क्लाउडवरील माहितीच्या रक्षणासाठी नुसता पासवर्ड पुरेसा का नाही?

पनवेलजवळच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत जुलै २०२० मध्ये ‘योट्टा एनएम१’ हे डेटा सेंटर सुरू झाले. ७,२०० रॅकची क्षमता, ५० मेगावॉट वीज आणि एखादे यंत्र बंद पडले तरी काम थांबणार नाही अशी ‘टियर-४’ दर्जाची रचना. अशा इमारतीत परक्या माणसाने शिरणे जवळपास अशक्य. पण क्लाउडवरची माहिती चोरायला इमारतीत शिरावेच लागत नाही. चालू लॉगिन हाती लागले की जगात कुठूनही काम भागते.

पासवर्डची अडचण काय?

माणसांप्रमाणे ॲपलाही डेटाबेसमध्ये लॉगिन करावे लागते. जुन्या पद्धतीत त्याचा पासवर्ड एका फाइलमध्ये लिहिलेला असतो. ती फाइल डेव्हलपरकडून टेस्टरकडे, तिथून कंत्राटदाराच्या लॅपटॉपवर जाते. नोकरी सोडून गेलेल्यालाही पासवर्ड ठाऊक असतो आणि बदलला तर ॲप बंद पडेल, या धास्तीने तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. शिवाय सगळेच एका नावाने आत येत असल्याने कोणी काय पाहिले, हे नंतर कळत नाही.

याची किंमत २०२४ मध्ये दिसली. ‘स्नोफ्लेक’ या क्लाउड डेटा कंपनीच्या ग्राहकांची खाती उघडून माहिती पळवण्यात आली. तपास करणाऱ्या ‘मँडियंट’च्या मते सुमारे १६५ संस्थांना धोका पोहोचला होता. स्नोफ्लेकची यंत्रणा कोणी फोडली नव्हती. व्हायरसने चोरलेले, काही तर २०२० पासूनचे पासवर्ड अजून चालू होते आणि त्या खात्यांना ओटीपीसारखा दुसरा टप्पाच नव्हता.

‘ओळखीवर आधारित’ प्रवेश कसा चालतो?

यात डेटाबेस पासवर्ड सांभाळतच नाही. कर्मचारी आधी संस्थेच्या ओळख-सेवेत, उदाहरणार्थ ‘मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी’मध्ये, लॉगिन करतो. ओळख पटली की त्याला थोड्या वेळाचे टोकन मिळते आणि तेच डेटाबेसला दाखवायचे. ॲमेझॉनच्या ‘आरडीएस’ डेटाबेससाठी असे टोकन १५ मिनिटेच चालते. (एकदा झालेली जोडणी मात्र त्यानंतरही सुरू राहते, हे बऱ्याचदा विसरले जाते.) ॲपलाही अशीच स्वतःची ओळख देता येते, त्यामुळे फाइलमध्ये पासवर्ड लिहावा लागत नाही. कोणी नोकरी सोडली की एका ठिकाणी खाते बंद केले, की पुढचे टोकन मिळत नाही.

मग ‘रोल’ कशासाठी?

कारण ओळख पटली म्हणजे सगळी कपाटे उघडी करायची असे नाही. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. सातबाऱ्याच्या ई-फेरफार प्रणालीत तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफाराची नोंद घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. नोंद घेणाऱ्याला स्वतःच ती मंजूर करता येत नाही. विमानतळामुळे जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या पनवेल तालुक्यात ही विभागणी किती मोलाची आहे, हे सांगायला नको. अधिकार माणसाला नव्हे, पदाला असतो. बदली झाली की तो जुन्या माणसाकडून जातो, नव्याला मिळतो.

डेटाबेसमधला रोल हेच करतो. हिशेबनिसाला बिले दिसतील, वेतन नाही. ग्राहक सेवेला पत्ता दिसेल, पण बदलता येणार नाही. रोल सहसा कोणता तक्ता उघडायचा एवढेच ठरवतो. खारघरच्या लिपिकाला कामोठ्याच्या नोंदी दिसू नयेत असे वाटत असेल, तर ओळींच्या पातळीवरचा वेगळा नियम लावावा लागतो.

रोल सैल असला तर काय होते?

अमेरिकेतील ‘कॅपिटल वन’ बँकेत २०१९ मध्ये पासवर्ड चोरीला गेलाच नव्हता. चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या फायरवॉलमधून हल्लेखोराने एका रोलचे तात्पुरते टोकन मिळवले. त्या रोलला गरजेपेक्षा कितीतरी जास्त माहिती वाचता येत होती. सुमारे १० कोटी ६० लाख लोकांचा तपशील बाहेर गेला आणि बँकेला आठ कोटी डॉलरचा दंड झाला. असे सैल रोल बहुधा घाईत तयार होतात. काम अडले की ‘तात्पुरता ॲडमिन करून टाक’ म्हटले जाते आणि तो अधिकार काढून घेण्याचे राहून जाते.

कायदा काय सांगतो?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत प्रवेशावर नियंत्रण आणि कोणी काय पाहिले याच्या नोंदी वर्षभर ठेवणे, या दोन्ही गोष्टी आहेत. त्यातील मुख्य जबाबदाऱ्यांच्या पूर्ततेसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. सायबर हल्ल्याची माहिती ‘सर्ट-इन’ला सहा तासांत कळवण्याचे बंधन मात्र २०२२ पासूनच लागू आहे.