रणजीचा सामना आणि आपल्या वस्तीतील मुले

आपल्या वस्त्यांमध्ये क्रिकेटचे वेड कमी नाही. भारताचा सामना असला की पानठेल्यावरच्या टीव्हीपुढे ही गर्दी! पण रणजी करंडकाचे सामने आपल्याच नागपुरात होतात, त्यांना सहसा तिकीटही नसते, तरी तिथे आपली कुटुंबे फारशी दिसत नाहीत. म्हणून २ मार्च २०२५ च्या रविवारी आम्ही काही कार्यकर्ते वस्तीतील चौदा मुलामुलींना घेऊन जामठ्याला गेलो. इंदोरा चौकातून मेट्रोने खापरी आणि तिथून ऑटोने मैदान. सोबतची पोळी-भाजी खापरीला उतरल्यावरच खाऊन घेतली.

विदर्भ विरुद्ध केरळ या अंतिम सामन्याचा तो पाचवा दिवस. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ धावा झाल्या होत्या, केरळच्या ३४२. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजयी ठरतो. म्हणजे या ३७ धावांवरच करंडक ठरणार होता. पहिल्या दिवशी २४ धावांत तीन गडी बाद झाले असताना नागपूरच्या एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने करुण नायरसोबत डाव सावरला आणि १५३ धावा केल्या. पाचव्या दिवशी विदर्भ ९ बाद ३७५ पर्यंत पोहोचला, दोन्ही संघांनी हात मिळवले आणि विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. आमची मुले नाचली हे सांगायला नकोच.

सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, यांना पगार मिळते का?" प्रश्न मोलाचा आहे. २०२१ साली क्रिकेट मंडळाने ठरवल्याप्रमाणे वरिष्ठ पुरुष गटात प्रत्यक्ष खेळणाऱ्याला दिवसाला किमान ४० हजार रुपये मानधन मिळते. चार दिवसांच्या एका सामन्याचे एक लाख साठ हजार! आपल्यापैकी अनेकांची ही वर्षाची कमाई असते. तेव्हा खेळ म्हणजे निव्वळ वेळ घालवणे, असे पालकांनी समजू नये.

या खेळाशी आपले नाते जुने आहे आणि ते अपमानातून आलेले आहे. चर्मकार समाजातील पालवणकर बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर मैदानाची निगा राखत आणि सरावाला चेंडू टाकत. पुढे हिंदूंच्या संघातून खेळतानाही त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. राजकारणातले ते अंतर खरेच. पण मैदानावरची त्यांची लढाई आपल्या मुलांना माहीत असलीच पाहिजे.

आता मैदानात उतरायला कायद्याने कुणाला बंदी नाही. खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये भारताकडून कसोटी खेळला. नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर अंतिम सामन्यापर्यंत गेलेल्या भारतीय संघात होती. तेव्हा मुलींनाही मागे ठेवू नका. मात्र रबरी चेंडूवरून चामड्याच्या चेंडूवर यायला पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट आणि चांगले बूट लागतात. मजुरी करणाऱ्या बापाला हा खर्च झेपत नाही. आपली मुले तिथेच थांबतात.

म्हणून विहार समित्यांना आमची विनंती आहे. भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेवर होणाऱ्या खर्चातला काही भाग वाचवा आणि वस्तीसाठी सामाईक क्रिकेट किट घ्या. सकाळी मुलांना एखाद्या शाळेचे मैदान मिळावे म्हणून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. पालकांनी मुलांचे जन्मदाखले आजच काढून ठेवावेत; वयोगटाच्या निवड चाचणीत वयाचा पुरावा लागतोच. आणि पुढचा रणजी सामना नागपुरात असेल त्या दिवशी मुलांना घेऊन घरातल्या सर्वांनी जामठ्याला यावे.