सुट्टीतली तापी : पोरांना पाणी शिकवू या

आम्ही सारंगखेड्याच्या बचत गटाच्या बाया. परीक्षा संपल्या, मे महिन्याची सुट्टी लागली आणि दुपारी पोरं घरात सापडेनाशी झाली. सापडतात ती तापीवर. कुणी डुंबतंय, कुणी काठावरून उड्या मारतंय, कुणी आईच्या जुन्या ओढणीत मासे धरतंय. ऊन असं की पत्र्याखाली बसवत नाही. मग पोरांनी पाण्यात जाऊ नये तर कुठं जावं? म्हणून आज आम्ही 'नदीवर जाऊ नका' असं सांगायला आलेलो नाही. कसं जायचं, ते सांगायला आलो आहोत.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही आठ जणी धुणं धूत होतो. गटातल्या एका ताईची दहा वर्षांची मुलगी कंबरभर पाण्यात खेळत होती. एक पाऊल पुढं टाकलं आणि खाली रेतीच लागली नाही. ती ओरडली नाही, हात हलवले नाहीत. एकीला फक्त वेणी दिसली पाण्यावर. आमच्यापैकी एकीलाही पोहता येत नव्हतं. एक जण साडी पिळत होती, तिनं तिचं एक टोक फेकलं. दुसऱ्या खेपेला ते पोरीच्या हाताला लागलं आणि आम्ही ओढून घेतलं. पोरगी वाचली. त्या संध्याकाळच्या बैठकीत कर्जाचा विषय निघालाच नाही.

आधी आपली नदी समजून घेऊ. आपल्या आज्या सांगायच्या, उन्हाळ्यात तापी पायी ओलांडता यायची. रेतीत टरबुजाच्या वाड्या असायच्या. आता वर सुलवाडे, इथं सारंगखेडा, खाली प्रकाशा असे तीन बॅरेज आहेत. पावसाळा सरताना दारं बंद करून पाणी अडवतात. शेतीला ते हवंच. पण त्यामुळं आजीच्या वेळी जिथं गुडघाभर पाणी होतं, तिथं आता भर उन्हाळ्यात पुरुषभर असू शकतं. वरून पाणी संथ दिसतं, म्हणून फसवतं.

दुसरी गोष्ट रेतीच्या खड्ड्यांची. जिथून रेती उपसली तिथं पाण्याखाली खोल खड्डा राहतो, आणि गढूळ पाण्यात तो दिसत नाही. त्याची कड रेतीचीच, पाय दिला की ढासळते. पोर बाहेर यायला धडपडतं, तितकं आत घसरतं. गेल्या वर्षीची उथळ जागा यंदा उथळ असेलच असं नाही. म्हणून पोरं उतरण्याआधी मोठ्या माणसानं लांब काठीनं तळ चाचपून बघायचा. काठीपलीकडं कुणी जायचं नाही.

तिसरी गोष्ट दारांची. पावसाळा लागला आणि वर हतनूर धरणातून पाणी सोडलं, की आपल्याकडची दारंही उघडतात आणि पाणी झपाट्यानं चढतं. दवंडी, भोंगा किंवा मोबाइलवरचा निरोप आला की धुणं तिथंच टाका आणि वर या. बॅरेजच्या दारांजवळ तर कधीच उतरू नका.

आता बुडणं कसं असतं ते ऐका. सिनेमात माणूस 'वाचवा' म्हणून ओरडतो. खरं तसं होत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग ओरडणार कुठून? हात पाणी खाली दाबत असतात, वर येत नाहीत. पोर गप्प झालं, मान मागं पडली, केस डोळ्यांवर आले तरी सारत नाही, ही खूण ओळखा. खेळणारी पोरं आवाज करतात. आवाज थांबला की बघा.

अशा वेळी पोहता येत नसेल तर उडी मारू नका. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला घट्ट धरतो आणि दोघं जातात. काठावर पालथं झोपून काठी पुढं करा, साडी किंवा दोर फेका. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावून दोराला बांधा. तो जवळपास पाच किलो भार तोलतो. पाण्यात माणसाचं वजन फार कमी भरतं, तोंड वर राहायला तेवढा आधार पुरतो. आमच्या गटानं असे दोन डबे करून घाटाशेजारच्या घरात टांगून ठेवले आहेत. खर्च फक्त दोराचा.

बाहेर काढल्यावर पोराला उलटं धरून गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. एकीनं १०८ ला फोन करायचा. दुसरीनं श्वास बघायचा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. बंद असेल तर पाठीवर निजवा, हनुवटी उचला, नाक धरून तोंडानं दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात दाबा, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं. पुन्हा दोन श्वास. गाडी येईपर्यंत थांबू नका. पोर शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच. हे एकदा आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंकडून हातानं करून शिकून घ्या.

घराजवळचं पाणीही विसरू नका. शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा, भोवती काट्यांचं कुंपण करा. रांगत्या लेकराला तर हौद आणि बादलीसुद्धा पुरते. बांगलादेशात खेड्यांमध्ये यावर उपाय केला गेला. आया सकाळी कामात असतात, त्याच वेळी लहान लेकरं जास्त बुडतात, म्हणून गावातच एका घरी त्या वेळेपुरती लेकरं सांभाळायला सुरुवात केली. त्यानं लेकरांचे जीव वाचले. आपल्या गटातही पाळी लावून हे जमेल.

शेवटी पोरींचं. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की काका, मामा त्याच्या पाठीला सुका भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवतात. पोरगी काठावर भांडी घासत बसते. पुढं जन्मभर पाणी भरायला, धुणं धुवायला तीच पाण्याशी जाते. मग पोहणं जास्त गरजेचं कुणाला? आम्ही यंदा गावातल्या एका पोहणाऱ्या काकूंना गळ घातली. सकाळी सात वाजता, सलवार-कुडत्यात, उथळ जागी, कमरेला दोर बांधून सहा पोरी शिकतात. आमच्यातल्या दोघीही उतरल्या. पहिल्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली. आता त्या दोघी पाण्यावर तरंगतात.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या : दोराचा डबा कुणाच्या घरी राहणार, दुपारी नदीवर लक्ष ठेवायची पाळी कुणाची, आणि पोरींना पोहायला कोण शिकवणार. पाळी असलेल्या बाईनं त्या वेळात धुणंही धुवायचं नाही, मोबाइलही बघायचा नाही. नुसतं पोरांकडं बघायचं. तेही कामच आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम.