फोन हँग झालाय? दुकानात ‘सॉफ्टवेअर मारायला’ देण्याआधी हे वाचा!

मंडळी, किराणा दुकानात सामान पिशवीत भरून झालंय, क्यूआर कोड स्कॅन केलाय, आकडा टाकलाय आणि नेमका त्याच वेळी फोन हँग झालाय. स्क्रीनवरचं चाक गोल गोल फिरतंय, बोट लावलं तरी काही हलत नाही. पैसे गेले की नाही तेही कळत नाही. हे कधी ना कधी सगळ्यांच्याच वाट्याला आलेलं असतं.

मग आपण काय करतो? दिसेल ते बटण दाबत सुटतो, फोन तळहातावर आपटतो आणि तरीही काही झालं नाही तर कोपऱ्यावरच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात जातो. तिथे बऱ्याचदा एक वाक्य ऐकायला मिळतं, "सॉफ्टवेअर मारावं लागेल, डेटा जाईल." लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो, वडिलांच्या आवाजातले व्हॉइस मेसेज, सगळं त्या एका ‘जाईल’मध्ये गेलं! कित्येकदा याची गरजच नसते. फोन नीट रिस्टार्ट केला असता तरी काम झालं असतं.

हे ‘नीट रिस्टार्ट’ म्हणजे काय, त्याने फोन सुधारतो कसा आणि कुठलं बटण चुकूनही दाबायचं नाही, हे आज समजून घेऊया.

रिस्टार्ट केल्यावर आत नेमकं काय होतं?

फोनमध्ये मेमरी दोन प्रकारची असते. एक रॅम आणि दुसरी स्टोरेज. स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. रॅम म्हणजे ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. डाळ-तांदूळ, मसाले फडताळात कायमचे ठेवलेले असतात. स्वयंपाक करताना लागेल तेवढंच आपण ओट्यावर काढतो. फोनचंही तसंच आहे. फोटो, व्हिडिओ, ॲप्स स्टोरेजमध्ये असतात आणि ज्यावर आत्ता काम चालू आहे तेवढंच रॅममध्ये येतं.

आता काही ॲप्स अशी असतात की काम झालं तरी ओट्यावरची आपली भांडी उचलत नाहीत. कधी दोन ॲप्स एकमेकांची वाट बघत अडून बसतात. ‘तू आधी सरक, मग मी सरकतो’ असा प्रकार. हळूहळू ओट्यावर जागाच उरत नाही आणि फोन अडकतो.

रॅमचं वैशिष्ट्य असं की वीज गेली की त्यातलं सगळं पुसलं जातं. स्टोरेजमधलं मात्र वीज गेली तरी तसंच राहतं. म्हणजे रिस्टार्ट केलं की ओटा एकदम लख्ख होतो, पण फडताळातल्या डब्यांना धक्काही लागत नाही. जातं ते फक्त अर्धवट राहिलेलं काम, म्हणजे टाईप करता करता राहिलेला मेसेज, सेव्ह न केलेला फॉर्म किंवा चालू असलेलं रेकॉर्डिंग.

हा उपाय फक्त फोनपुरता नाही बरं का!

‘बंद करून परत चालू कर’ हा सल्ला अनेकांना चेष्टेचा वाटतो. पण सलग चालू राहिल्याने सॉफ्टवेअर बिघडतं, ही अगदी गंभीर गोष्ट आहे.

आखाती युद्धाच्या वेळी २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दहरान इथे अमेरिकेची पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. तिच्या घड्याळाच्या हिशोबात एक बारीकशी चूक होती. ती दर तासाला साठत गेली आणि १०० तासांत सुमारे ०.३४ सेकंदाची झाली. तेवढ्यात समोरून इराकचं स्कड क्षेपणास्त्र आलं. पेट्रियट त्याला चुकीच्या जागी शोधत राहिली आणि तिने मारा केलाच नाही. त्यात २८ अमेरिकन सैनिकांचा जीव गेला. रिस्टार्ट केलं असतं तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालं असतं आणि त्याला लागत होतं फक्त एक-दीड मिनिट. फार वेळ सलग चालवू नका असा इशारा सैन्याला आधीच मिळाला होता, पण ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे कुणी सांगितलं नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दहरानला पोचलं ते दुसऱ्या दिवशी.

अलीकडचं उदाहरण विमानाचं आहे. बोइंग ७८७ विमानाची वीजयंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिली तर सॉफ्टवेअरमधल्या एका मोजणीची मर्यादा संपून विमानातली वीज जाऊ शकते, हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने ती ठराविक काळाने बंद करून चालू करण्याचा आदेश काढला.

जिथे विमानाला हे चुकलं नाही, तिथे आपल्या फोनचं काय घेऊन बसलात?

तीन शब्द, ज्यांची गल्लत महागात पडते

रिस्टार्ट: फोन चालतोय पण रखडतोय, तेव्हा स्क्रीनवरचा ‘रिस्टार्ट’चा पर्याय निवडायचा. सगळी ॲप्स व्यवस्थित बंद होऊन फोन पुन्हा सुरू होतो. डेटा सुरक्षित.

फोर्स रिस्टार्ट: स्क्रीन दगडासारखी झाली आहे, स्पर्शाला दाद देत नाही, तेव्हा बटणं दाबून जबरदस्तीने रिस्टार्ट करायचं. फोटो, नंबर, चॅट यांना यातही काही होत नाही.

फॅक्टरी रिसेट: फोन कारखान्यातून आला तसा कोरा करणं. हे म्हणजे फडताळच रिकामं करणं! बॅकअप नसेल तर सगळं गेलं. हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

फोर्स रिस्टार्ट कसं करायचं?

पूर्वी हे सोपं होतं. मागचं झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, परत बसवायची. आता बॅटरी आतच बंद असते. पण म्हणून उपाय संपला असं नाही. बहुतेक फोनमध्ये वीजपुरवठा सांभाळणारी एक वेगळी चिप असते आणि ठराविक बटणं किती वेळ दाबून ठेवली आहेत यावर तिचं लक्ष असतं. त्यामुळे स्क्रीन आणि ॲप्स अडकली तरी हा मार्ग खुला राहतो.

आयफोन ८ आणि त्यानंतरचे: आवाज वाढवायचं बटण दाबून लगेच सोडा. मग आवाज कमी करायचं बटण दाबून लगेच सोडा. आता बाजूचं पॉवर बटण दाबा आणि ॲपलचं चिन्ह दिसेपर्यंत सोडू नका.

सॅमसंग: पॉवर बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून ७ सेकंदांपेक्षा जास्त धरा. पटकन सोडलंत तर नुसता स्क्रीनशॉट निघेल!

गूगल पिक्सेल: पॉवर बटण सुमारे ३० सेकंद दाबून ठेवा.

इतर अँड्रॉइड फोन: आधी नुसतं पॉवर बटण १० ते ३० सेकंद धरून बघा. नाही जमलं तर पॉवर आणि आवाजाचं एक बटण एकत्र धरा. कंपनीनुसार ते आवाज वाढवायचं किंवा कमी करायचं असू शकतं.

पुष्कळ जण ५ सेकंदांत कंटाळून बोट काढतात आणि ‘होत नाही’ म्हणतात. मनात सावकाश आकडे मोजा आणि फोन थरथरेपर्यंत किंवा कंपनीचं चिन्ह येईपर्यंत बोट काढू नका.

पण या गोष्टी सांभाळा

१. काळ्या स्क्रीनवर मेनू आला तर घाबरू नका. बटणं धरताना कधीकधी अँड्रॉइडचा ‘रिकव्हरी’ मेनू उघडतो. त्यात इंग्रजीत ‘वाइप डेटा’ किंवा ‘फॅक्टरी रिसेट’ असं लिहिलेलं असतं. त्याला हात लावू नका. आवाजाच्या बटणांनी वर-खाली जाऊन ‘रीबूट सिस्टीम नाऊ’ ही ओळ निवडा आणि पॉवर बटण दाबा.

२. पॉवर बटण पटापट दाबू नका. स्मार्टफोनमध्ये हे बटण लागोपाठ दाबल्यावर आपत्कालीन कॉल जाण्याची सोय असते. भारतात त्यासाठी २०१६ मध्ये खास नियम झाला. त्यामुळे वैतागून टकाटक बटण दाबलंत तर ११२ वर फोन लागू शकतो.

३. पिन आठवतोय ना? हे सगळ्यात महत्त्वाचं! रिस्टार्टनंतर पहिल्या वेळी बोटाचा ठसा किंवा चेहरा चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच टाकावा लागतो. कारण फोनमधली माहिती कुलूपबंद असते आणि तिची किल्ली त्या पिनशी जोडलेली असते. घरातले आजी-आजोबा वर्षभर अंगठ्यावर फोन उघडतात आणि पिन विसरतात. त्यांचा फोन रिस्टार्ट करण्याआधी पिन विचारून घ्या.

४. फोन गरम असेल तर आधी थंड होऊ द्या. उदाहरणार्थ, आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं ॲपल सांगते. आता नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या हँडलला लावलेल्या फोनचं काय होत असेल, विचार करा. सावलीत ठेवा, कव्हर काढा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, आत दमट वाफ धरते.

५. फोन भिजला असेल किंवा बॅटरी फुगली असेल, तर रिस्टार्टही नको आणि चार्जिंगही नको. तिथे दुकानच गाठा.

पेमेंट अडकलं होतं, त्याचं काय?

यूपीआयचा व्यवहार तुमच्या फोनमध्ये होत नाही, तो बँकांच्या सर्व्हरवर होतो. त्यामुळे पिन टाकल्यानंतर फोन बंद केला म्हणून व्यवहार रद्द होत नाही आणि चालू केला म्हणून परत होतही नाही. पिन टाकायच्या आधीच फोन अडकला असेल तर यूपीआय लाइटसारखे पिनविना होणारे व्यवहार सोडून पैसे जायचा प्रश्नच नाही.

म्हणून रिस्टार्ट झाल्यावर आधी ॲपमधला व्यवहारांचा इतिहास आणि बँकेचा एसएमएस बघा, मगच दुसऱ्यांदा पैसे द्या. खात्यातून पैसे कापले गेले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ते व्यवहारानंतर ५ दिवसांत परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

रिस्टार्ट करूनही फोन सुधारला नाही तर?

स्क्रीन काळीच असेल तर फोन अर्धा तास चार्जिंगला लावा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. रिंग वाजली म्हणजे फोन जिवंत आहे, बिघाड बहुधा स्क्रीनचा आहे. मग ‘सॉफ्टवेअर’ मारायची घाई नको.

फोन परत परत अडकत असेल तर स्टोरेज बघा. ‘शुभ सकाळ’च्या फोटोंनी ते गच्च भरलेलं असेल तर आधी तिथे झाडू मारा. अँड्रॉइडमध्ये ‘सेफ मोड’ही असतो. पॉवर मेनूमधलं बंद करायचं चिन्ह दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये तो पर्याय येतो. यात तुम्ही नंतर टाकलेली ॲप्स बंद राहतात. त्यात फोन नीट चालला तर समजायचं की दोषी एखादं नवीन ॲप आहे. ते काढून टाका.

‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं सांगत स्क्रीन अडकली असेल तर तो नंबर अजिबात लावू नका. ते बहुतेक वेळा नुसतं ब्राउझरमधलं पान असतं. फोन रिस्टार्ट करा आणि ते पान बंद करा. फसून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करा.

आणि दुकानात जावंच लागलं, तर सिमकार्ड काढून घ्या आणि "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही" हे पावतीवर लिहून घ्या.

बिघाड नसतानाही रिस्टार्ट करावं का?

हो, आठवड्यातून एकदा. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये हाच सल्ला दिला होता. हेरगिरीची काही सॉफ्टवेअर्स फक्त रॅममध्ये राहतात, ती रिस्टार्टने पुसली जातात. सगळीच जातात असं नाही, पण हल्लेखोराचं काम अवघड होतं. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांनी तर जून २०२३ मध्ये लोकांना रोज रात्री ५ मिनिटं फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. आता कंपन्यांनीही हे मनावर घेतलंय. २०२४ पासून आयफोन आणि २०२५ पासून अँड्रॉइड फोन सलग ३ दिवस उघडलाच नाही, तर आपोआप रिस्टार्ट होण्याची सोय आली आहे.

तर मंडळी, आजच दोन कामं करून टाका. आपल्या आणि घरातल्या मोठ्यांच्या फोनचा पिन आठवतोय का ते तपासा आणि फोटोंचा बॅकअप चालू आहे का ते बघा. मग फोन कितीही रुसला तरी तुमच्या आठवणी जागच्या जागी राहतील. आणि हो, हा लेख फॅमिली ग्रुपवर नक्की टाका, पुढचा हँग झालेला फोन कदाचित तिथलाच असेल!