बंडाची पांढरी टोपी

मे महिन्यात खानदेशातल्या अमळनेरचा पारा ४४-४५ अंशांना टेकतो. अशा गावात काळं चामड्याचं जाकीट चढवून कोणी बंड पुकारलं, तर सरकारच्या आधी ऊनच त्याला आडवं करील. इथल्या बंडाला हलकं, रोज धुता येणारं, वेळ पडली तर घडी करून खिशात टाकता येणारं काहीतरी हवं होतं. १९२० च्या सुमारास ते मिळालं. खादीची पांढरी टोपी.

जाकिटाची कुळकथा आधी सांगून टाकतो, म्हणजे टोपीकडे नीट पाहता येईल. १९२८ साली न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी मोटरसायकलवाल्यांसाठी तिरप्या झिपचं चामड्याचं जाकीट शिवलं आणि त्याला आपल्या आवडत्या सिगारचं नाव दिलं, पर्फेक्टो. गाडीवरून पडल्यावर कातडी सोलवटू नये एवढाच त्याचा हेतू. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’मध्ये मार्लन ब्रँडोने तसलं जाकीट घातलं आणि ते एकदम वांड पोरांचं झालं. ब्रिटनच्या सेन्सॉरने हा सिनेमा जवळपास चौदा वर्षं अडवून धरला. १९७६ मध्ये रामोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडने पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनासाठी जाकिटं घालून फोटो काढला. लंडनच्या किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लारेन यांच्या दुकानाभोवती पंक पोरं गोळा होऊ लागली. त्यांनी जाकिटांवर खिळे ठोकले, सेफ्टी पिना टोचल्या, पाठीवर रंगाने शिव्या लिहिल्या. आईबाप, शाळा, पोलीस सगळ्यांना एकाच वेळी डिवचायचं होतं आणि ते जमलंही.

टोपीचं काम अगदी उलट्या वाटेने झालं. गांधीजींचे सहकारी काका कालेलकर यांनी नोंदवून ठेवलं आहे की, गांधीजींनी देशभरातली शिरस्त्राणं एकेक करून तपासली होती. फेट्याला कापड फार लागतं आणि घाम आत मुरतो. महाराष्ट्रातल्या टोप्या बऱ्या, पण त्या फेल्टच्या. काश्मिरी टोपी हलकी, शिवायला सोपी, घडी होणारी. तीच थोडी बदलून घेतली. रंग पांढरा ठरला, कारण पांढऱ्यावर मळ दिसतो आणि दिसला की धुवावीच लागते. दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात कैदी म्हणून घातलेल्या टोपीत तिचं मूळ आहे, असंही एक मत आहे. मला दोन्ही पटतात. धोब्याचा हिशेब आणि कैद्याची आठवण गांधीजींच्या डोक्यात एकत्र सुखाने नांदू शकत होती. गंमत म्हणजे १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला त्यांनी पंचा नेसायचं ठरवलं आणि टोपीही सोडली. देशाच्या डोक्यावर ती चढली तेव्हा त्यांचं डोकं उघडं होतं.

अमळनेरात या टोपीला एक जादा धार होती. हे गिरणीचं गाव. प्रतापशेठांची प्रताप मिल इथे भोंग्यावर चालायची. शाळा, पुढे कॉलेज, १९१६ चं तत्त्वज्ञान मंदिर, सगळ्यांत त्यांचा पैसा आणि हौस होती. म्हणजे बोरी नदीच्या काठी देशी गिरणीचं स्वस्त, सफाईदार कापड वाहत असताना कोणी मुद्दाम हातसुताचं जाडंभरडं कापड डोक्यावर घेत असेल, तर त्याचं भांडण फक्त मँचेस्टरशी नव्हतं. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात काँग्रेसने सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सूत मागितलं होतं. वर्षभरात ती अट सोडावी लागली. सूत कातण्यापेक्षा टोपी घालणं सोपं, हे तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं असावं.

त्याच १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण मास्तर इथल्या हायस्कुलात रुजू झाले. तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आलेले, पण तिथल्या शांततेत मन रमलं नाही. वसतिगृहाची पोरं सांभाळायची, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढायचं, पोरांच्या नकळत त्यांच्या खोल्या झाडायच्या, अशी सहा वर्षं गेली. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला तेव्हा मास्तरांनी नोकरी सोडली आणि लवकरच धुळ्याच्या तुरुंगात गेले. साने गुरुजींचा कुठलाही फोटो आठवा, ती पांढरी टोपी आठवणारच. इतका मऊ चेहरा आणि इतकी साधी टोपी, यात सरकारला भिण्यासारखं काय होतं, असं आज वाटतं.

पण सरकार भीत होतं. त्याच वर्षी आंध्रातल्या गुंटूरला गांधी टोपी घालण्यावरच मनाई हुकूम निघाला. सोलापुरात मे १९३० मध्ये लष्करी कायदा आला, तेव्हा रस्त्यात टोप्या हिसकावल्या गेल्या, टोपीपायी मार बसला. तिथल्या चौघांना पुढच्या जानेवारीत फाशी झाली. लंडनच्या पोरांना जाकिटापायी फार तर रात्रभर कोठडी मिळाली असेल. पंकवाल्यांचा मी उपहास करत नाही. पण बंड मोजायचं तर कापडाच्या रंगरूपापेक्षा घालणाऱ्याला पडलेली किंमत मोजावी.

ती किंमत किती झपाट्याने उतरते, हेही खानदेशाने पाहिलं. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोसांनी सजवलेलं नगर आणि नजर पोचेल तिथवर पांढऱ्या टोप्या. सात महिन्यांनी मुंबई इलाख्यात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि काल पोलिसांनी उडवलेली टोपी आज पोलिसांचा सलाम घेऊ लागली. गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं, आणि नाव काँग्रेस असूनही शेतकऱ्यांच्या साऱ्यासाठी, गिरणी कामगारांच्या भाकरीसाठी ते आपल्याच सरकारशी भांडत राहिले. मागणाऱ्याच्या डोक्यावर टोपी, नाकारणाऱ्याच्या डोक्यावरही तीच. स्वातंत्र्यानंतर तिला कडक खळ आणि परीटघडी लाभली. साखर कारखाना, जिल्हा बँक, पंचायत समिती अशा पायऱ्या चढताना ती फार उपयोगी पडली. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनात तिच्यावर ‘मी अण्णा’ची अक्षरं छापावी लागली, नुसती पांढरी टोपी तोवर पुढाऱ्यांची झाली होती. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पंक कपड्यांचं झगमगीत प्रदर्शन भरवलं. सेफ्टी पिनाही शेवटी काचेआड गेल्या. आपल्याकडे टोपीची सोय लग्नात लागली आहे. टॉवेल-टोपी देऊन पाहुण्यांचा मान करतात, फोटो झाला की पाहुणे ती पिशवीत टाकतात.

आता चामड्याकडे यायला हवं, कारण ही गोष्ट टोपीवर संपवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल. चामडं अंगावर घेऊन बंड करायची चैन ज्यांच्या घरी चामड्याचं काम जातीने लादलेलं नव्हतं त्यांना परवडली. आपल्याकडे मेलेलं जनावर ओढणं, सोलणं, कातडं कमावणं हे गावाने ठरावीक लोकांच्या माथी मारलं होतं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरं ओढणं सोडा, असं सांगितलं, तेव्हा बंड चामडं टाकून देण्यात होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी तिथे जमलेल्या बायांना जातीची खूण सांगणारी लुगडं नेसायची पद्धत आणि दागिने सोडायला सांगितले, आणि बायांनी ते ऐकलं. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने मुंबईत दलित पँथर उभी केली. नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं आणि त्या संघटनेचा गणवेशच मुळी काळं चामड्याचं जाकीट होता. आपल्या पँथरनी नाव घेतलं, जाकीट घेतलं नाही.

बाबासाहेबांनी स्वतः सूट, टाय आणि बूट निवडले. खादीवाल्यांनी त्याला साहेबी म्हणून नाकं मुरडली. ज्याला कपडे त्यागायचे आहेत, त्याच्याकडे आधी ते असावे लागतात, हा साधा हिशेब त्यांच्या लक्षात आला नाही, किंवा आला असूनही त्यांनी सोडून दिला. टोपीची भीती आज कोणालाच वाटत नाही, जाकीट मॉलमध्ये हप्त्यावर मिळतं. बाबासाहेबांचा निळ्या सुटातला पुतळा मात्र देशात कुठे ना कुठे अजूनही रात्रीतून फोडला जातो, आणि सकाळी बंदोबस्त लागतो.