‘वायोमिंग’ची पाठ

अमेरिकेच्या मेन राज्यात, केनेबेक नदीच्या काठी, बाथ नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सागरी संग्रहालयाच्या आवारात गवतावर एक पोलादी सांगाडा उभा आहे. एका टोकाला जहाजाची नाळ, दुसऱ्या टोकाला पिछाडी आणि मध्ये मोकळं आकाश. नाळेपासून निघालेला माणूस पिछाडीशी पोचतो तेव्हा शंभर मीटर चाललेला असतो. प्रस्तुत लेखकाने तिथं गेल्यावर हे अंतर तीनदा पायांनी मोजलं, तरी खात्री पटेना. एवढं मोठं जहाज लाकडाचं होतं, आणि ते याच जागेवर बांधलं गेलं.

‘वायोमिंग’ हे त्या स्कूनरचं नाव. ‘पर्सी अँड स्मॉल’च्या गोदीतून १५ डिसेंबर १९०९ रोजी ती पाण्यात उतरली. सहा डोलकाठ्या, सांगाड्याची लांबी सुमारे ३३० फूट, आणि पुढचे-मागचे बाहेर आलेले लांब दांडे धरले तर एकूण ४५०. पोटात ६,००० टन कोळसा मावे. अमेरिकेत यापेक्षा मोठं लाकडी शिडाचं जहाज कधी बांधलं गेलं नाही. खर्च आला सुमारे १,७५,००० डॉलर. भागधारकांत वायोमिंग राज्याचे गव्हर्नर ब्रायंट ब्रुक्स होते. म्हणून ज्या राज्याला समुद्राचं दर्शनही नाही, त्याचं नाव या जहाजाला मिळालं.

धंद्याचं गणित थोडक्यात असं. व्हर्जिनियाच्या बंदरांतून कोळसा भरायचा आणि उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडमधल्या गिरण्या, रेल्वे आणि घरांसाठी पोचवायचा. वारा फुकटचा. स्कूनरची शिडं डेकवरूनच ओढता येतात, त्यासाठी डोलकाठीवर माणसं चढवावी लागत नाहीत. त्यात डेकवर वाफेचं ‘डाँकी इंजिन’ आलं. ते जहाज चालवत नसे, पण शिडं चढवणं, नांगर उचलणं ही ताकदीची कामं करी. त्यामुळे एवढी अजस्र बोट जेमतेम डझनभर खलाशी हाकत. जितकं जहाज मोठं, तितका टनामागे खर्च कमी. या हिशेबानं डोलकाठ्या तीनाच्या चार, चाराच्या पाच, पाचाच्या सहा झाल्या.

पण हिशेबाच्या वहीत लाकडाचा स्वभाव लिहिलेला नसतो.

दोन फळ्या एकावर एक ठेवून वाकवून पाहाव्यात. टोकाशी त्या एकमेकींवरून किंचित सरकतात. लाकडी जहाज म्हणजे अशा हजारो तुकड्यांची जुळणी: खाली कणा (कोकणातला सुतार त्याला पठाण म्हणतो), त्यावर ओकच्या फासळ्या, बाहेरून दक्षिणेतल्या पिवळ्या पाइनच्या जाड फळ्या. हे सगळं बोल्टांनी आणि लाकडी खुंट्यांनी जखडलेलं. खुंटी पाण्यानं फुगते आणि घट्ट बसते, ही त्यातली सुंदर युक्ती. बाथच्या आवारात या खुंट्या तयार करण्याची शेड अजून उभी आहे. फळ्यांच्या फटींत दोरखंडाचे धागे ठोकून वर डांबर भरत.

आता असं जहाज पाण्यावर ठेवलं की काय होतं? मधला भाग रुंद, त्याला पाणी भक्कम उचलून धरतं. नाळ आणि पिछाडी निमुळत्या, त्यांना आधार कमी. टोकं खाली झुकतात आणि मध्ये पाठ वर येते. समुद्र खवळला की लाट कधी पोटाखाली, कधी दोन्ही टोकांखाली, आणि पाठ वर-खाली होत राहते. दीडशे फुटी जहाजाला हे सोसतं. तीनशे फुटांपलीकडे प्रत्येक सांधा थोडा थोडा सरकतो, फटींतला भराव सुटतो, पाणी आत येतं. बांधणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी कण्यावर आतून तुळयांची थप्पी रचली आणि फासळ्यांवरून लोखंडी पट्ट्या तिरक्या आवळल्या. तरी ‘वायोमिंग’ला पंपांवर जगावं लागे. लेखकाच्या मते हा कारागिरांचा दोष नव्हता. लाकडाकडून जेवढं घेता येईल तेवढं सगळं त्यांनी घेतलं होतं.

इथं मुंबईच्या ‘ट्रिंकोमाली’ची आठवण येणारच. वाडियांनी १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानाची बांधलेली ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. सागवानाचं कौतुक आपण करतो आणि ते रास्तच आहे. पण तिच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट आहे, हेही तिच्या दीर्घायुष्याचं कारण मानायला हवं.

या सहा डोलकाठ्यांच्या घराण्याच्या कथा मोठ्या अजब. अटलांटिक किनाऱ्यावर अशा लाकडी स्कूनर एकूण नऊ बांधल्या गेल्या, त्यांतल्या सात एकट्या पर्सी अँड स्मॉलच्या. पहिल्या दोन, ‘जॉर्ज वेल्स’ आणि ‘एलिनॉर पर्सी’, १९०० साली उतरल्या. पुढच्याच वर्षी केप कॉडजवळ, एवढा समुद्र मोकळा असताना, त्या दोघीच एकमेकींवर आदळल्या! दोन्ही बचावल्या.

‘वायोमिंग’ने सव्वाचौदा वर्षं कोळसा वाहिला. महायुद्धात भाडी चढली तेव्हा चांगले दिवसही पाहिले.

मार्च १९२४. कॅप्टन चार्ल्स ग्लेझलच्या हाताखाली ती नॉरफोकहून कोळसा भरून कॅनडातल्या सेंट जॉनकडे निघाली. त्याच सुमारास निघालेली पाच डोलकाठ्यांची ‘कोरा क्रेसी’ वाटेत तिच्याबरोबर होती. ईशान्येचं वादळ उठलं, आणि ११ तारखेला दोघींनी मॅसॅच्युसेट्सच्या चॅटमजवळ नांगर टाकले. भोवताली वाळूचे बांध, पाणी उथळ. संध्याकाळी ‘क्रेसी’च्या कॅप्टन पब्लिकोव्हरने नांगर उचलला आणि वादळातच खुल्या समुद्राची वाट धरली. ‘वायोमिंग’ नांगरावरच राहिली.

‘क्रेसी’ वाचली. ‘वायोमिंग’वरचा एकही माणूस परत आला नाही.

ग्लेझल चुकला, असं काठावर बसून म्हणणं सोपं आहे. नांगरावरचं जहाज लाटेबरोबर सरकत नाही. ते बांधून ठेवलेलं असतं आणि उथळ पाण्यातल्या आखूड, उभ्या लाटा त्याला जागच्या जागी झोडपतात. पण सहा हजार टन कोळसा पोटात घेऊन, तशा पाठीचं जहाज रात्री वाळूच्या बांधांमधून बाहेर काढायचं, हा निर्णयही जीवघेणाच होता.

तिचे अवशेष सापडायला २००३ साल उजाडलं. मोनोमॉय बेटाजवळ समुद्रतळावर ते मिळाले.

‘क्रेसी’ही पर्सी अँड स्मॉलच्याच गोदीची, १९०२ सालची. पुढे बॉस्टनमध्ये तिच्यावर तरंगता नाइट क्लब चालला. मग १९३८ मध्ये मेनमधल्या ब्रेमेनच्या खाडीत, एका शेवंडीच्या व्यापाऱ्याच्या धक्क्यापाशी, लाटा अडवण्यासाठी तिला नेऊन बसवलं. डोलकाठ्या गेल्या, डेक गेला. बाजूच्या फळ्या अजून उभ्या आहेत. भरतीला त्यांच्या फटींतून पाणी आत शिरतं आणि ओहोटीला त्याच वाटेनं निघून जातं.