छोटा पाव, मंद आच

घरी गरम सँडविच करायचं तर छोटंच करावं. कारण दिसण्याचं नाही, तव्याचं आहे. पाव चांगला खरपूस व्हायला त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर तापावा लागतो. आतलं ओलं सारण १०० च्या पुढे सहसा जात नाही, आणि तिथवर पोचायलाही वेळ घेतं. गच्च भरलेलं मोठं सँडविच म्हणूनच बाहेरून करपतं, आतून गारच राहतं. लादीतला एक पाव आडवा कापून त्यात चमचाभर बटाट्याची भाजी, हिरवी चटणी आणि किसलेलं चीज भरावं, लोण्यावर मंद आचेत ठेवून वर जड पातेलं दाबावं. दोन्ही बाजू भाजेपर्यंत आतलं चीज वितळलेलं असतं. कडेने ओघळलेलं चीज तव्यावर जाळीदार, तपकिरी होतं; ते उलथन्याने खरवडून कुणी खायचं यावरून घरात भांडणं होतात, ती वेगळी गोष्ट.

टपरीवरच्या चिमट्यातल्या टोस्टची सर याला येणार नाही, असं कुणी म्हणेल. चिमटा तरी काय करतो? दाब आणि आच देतो. पातेलं तेच करतं. पाव कालचा असला तरी चालतो, कारण शिळेपणी घट्ट झालेला त्यातला स्टार्च गरम केल्यावर पुन्हा मऊ पडतो. मैदा आणि लोण्याचा आक्षेप मात्र खराच आहे. छोटं म्हणून चार खाल्ली, तर हिशेब मोठ्याचाच होतो. सारणात उकडलेले मूग किंवा परतलेला पालक घातला तर निदान दोनांत पोट भरतं.