औषधाआधीची कात्री

फेब्रुवारी १९४१. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचलं गेलं. जंतुसंसर्गाने चेहऱ्यावर गळवं उठलेली, एक डोळा काढून टाकावा लागलेला. दिवसभरात ताप उतरू लागला, भूक लागली. पण औषध इतकं तुटपुंजं की त्याच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा टोचावं लागे. अखेर तेही संपलं आणि मार्चमध्ये तो गेला.

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मी थक्क होतो तो तिच्याही आधीच्या एका नोंदीने. डिसेंबर १९४० मध्ये हे औषध तयार करणाऱ्या ऑक्सफर्डच्याच चमूतल्या अब्राहम आणि चेन यांनी जाहीर केलं होतं की, पेनिसिलिनची वाट लावणारं एक विकर जिवाणूंमध्ये सापडलंय. रोगी खाटेवर यायच्या आत कात्री तयार!

ही कात्री चालते कशी? जिवाणू आपल्याभोवती सतत भिंत बांधत असतो. पेनिसिलिनचा रेणू दिसतो त्या भिंतीच्या विटेसारखा. गवंडी फसतो, ती वीट उचलतो आणि तिलाच चिकटून बसतो. बांधकाम ठप्प, भिंतीला भगदाड, जिवाणू फुटतो. या खोट्या विटेच्या पोटात चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. विकर नेमकं तेच कापतं, आणि एक कापून थकत नाही. सेकंदाला शेकडो रेणू निकामी करू शकतं.

रुग्णालयात या कात्रीवाल्यांचं फावलं. औषधाचा मारा झाला की साधे जिवाणू मरतात, उरलेल्यांना रान मोकळं. वर जखमा, नळ्या, थकलेली शरीरं हाताशी. लंडनच्या एका रुग्णालयात १९४८ पर्यंत तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते.

मग १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं. त्याच्या रेणूची बाजू अशी फुगवली होती की कात्रीच बसू नये. दोन वर्षांच्या आत ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस सापडला. त्याने कात्री सोडून गवंडीच बदलला होता. नवा गवंडी खोट्या विटेला हातच लावत नाही! हाच तो रुग्णालयांना धडकी भरवणारा एमआरएसए.

मला वाटायचं, हे सगळं माणसाचं पाप. पण २०२२ मध्ये युरोपातल्या हेजहॉगांवर, म्हणजे अंगभर काटे असलेल्या त्या छोट्या प्राण्यांवर, झालेलं संशोधन वाचलं. त्यांच्या कातडीवरची एक बुरशी पेनिसिलिनसारखी द्रव्यं बनवते आणि शेजारच्या स्टॅफिलोकॉकसला तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. एमआरएसएची एक जात तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जन्मली होती. तेव्हा पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगचा जन्मही झाला नव्हता.

रुग्णालयात मात्र हा जिवाणू हिंडतो तो बहुतेक वेळा माणसांच्या हातांवरून. कुणाला भेटायला वॉर्डात गेलात, तर रुग्णाचा हात हातात घेण्याआधी आणि निघताना, साबणाने हात धुवा.